राखीव ठेवलेलं पान

बाबा,

काल दुपारी विमान कंपनीतल्या बाईचा फोन आला. ऑक्टोबरात तुम्ही परत जाणार होतात, त्या तिकिटावर मी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. तुम्हाला न विचारता. गेल्या वेळी मुंबईला तुम्ही त्या खुर्चीत आपली बॅग बसवलीत, मागून स्वतः ढकलत बाहेर आलात आणि ती गोष्ट अख्ख्या अमरावतीला ऐकवलीत. तरी यंदा मी पुन्हा सांगितलीच, कारण मीही काही कमी हट्टी नाही. बाई खुर्ची नक्की करायला फोन करत होती. मी म्हटलं, "कॅन्सल इट." ती गोड आवाजात म्हणाली, "ओन्ली द व्हीलचेअर, ऑर द टिकेट ॲज वेल?" मिलिंदनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तो गॅरेजमध्ये जाऊन बोलला.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या साठेकाकूंनी दिवाळी अंकासाठी तुमच्यावर चार ओळी मागितल्यात. "जन्म, शिक्षण, नोकरी, एवढंच दे गं. सुनेनं लिहिलं की बरं दिसतं." मी हो म्हणून बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. 'अमरावतीच्या शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक' या वाक्यात तुम्ही कुठे आहात? पोळीवर तूप घ्यायच्या आधी माझ्याकडे चोरून बघणारे तुम्ही, सईला गोष्ट सांगता सांगता स्वतःच झोपणारे तुम्ही? आणि यात ती आपली लढाई कुठे आहे? तेव्हा काकूंच्या चार ओळी मिलिंद देईल. मला तुमच्याशीच बोलायचंय. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय.

तुम्ही पहिल्यांदा इथे अमेरिकेत, फ्रीमाँटला आलात ते न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्याच्या पुढच्या एप्रिलात. सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या आणि मिलिंदला तुमचं एकटेपण बघवेना. मला मात्र धास्ती होती. सहा महिने सासरा घरात, मी सकाळी आठला फ्रीवेवर, संध्याकाळी सातला घरी, वर स्वयंपाक. तुम्ही आलात, स्वयंपाकघराच्या दाराशी थांबलात आणि विचारलंत, "आत येऊ का?" मला हसू आलं. तेव्हापासून दर वर्षी तुम्ही त्या दाराशी थांबायचात. मी चिडून म्हणायचे, "बाबा, हे घर तुमचंय." तुम्ही म्हणायचात, "घर माझं आहे, पोरी. ओटा तुझा आहे. ज्याची हद्द त्याला विचारावं." सगळ्या जगाच्या हद्दी तुम्हाला पाठ होत्या, त्यात माझ्या ओट्याची एक.

पहिल्याच आठवड्यात जेवताना तुम्ही म्हणालात, "एक लढाई सांगू?" मी साताऱ्याची. मला वाटलं, आता पानिपत. तुम्ही लोणच्याची बरणी तुमच्या उजव्या हाताला ठेवलीत आणि म्हणालात, हे तब्रीझ. मीठदाणी डाव्या हाताला ठेवलीत, हे एर्झुरूम. मधे एक चमचा आडवा ठेवलात. इकडे इराणचा शहा, तिकडे तुर्कांचा सुलतान आणि हा चमचा म्हणजे त्यांची सरहद्द. साल अठराशे एकवीस. सरहद्दीवरच्या मेंढपाळ टोळ्या कधी इकडे चारायला जात, कधी तिकडे. त्या कुणाच्या यावरून ठिणगी पडली. शहाचा राजपुत्र फौज घेऊन निघाला आणि तुम्ही बरणी सरकवत सरकवत माझ्या ताटापर्यंत आणलीत. त्यानं बायझीद घेतलं. खाली बगदादच्या बाजूला दुसरा राजपुत्र चालून गेला. मग दोन्ही फौजांत पटकी शिरली. तलवारीपेक्षा हगवणीनंच माणसं जास्त गेली असतील, असं तुम्ही म्हणालात आणि सईनं "ईऽऽ" केलं.

"आणि जिंकलं कोण?" मिलिंदनं विचारलं.

"कोणीच नाही. एर्झुरूमला तह झाला. जुनी हद्द होती तीच कायम." तुम्ही बरणी उचलून जागेवर ठेवलीत, मीठदाणी जागेवर ठेवलीत. तो चमचा लढाईत जरा वाकडा झाला होता, तोही बोटानं सरळ करून होता तिथे ठेवलात. "जैसे थे," तुम्ही म्हणालात. खूश होऊन.

मी उठले आणि भांडी घासायला लागले. डिशवॉशर असताना.

कारण अभिजित. माझा धाकटा भाऊ. तो फौजेत होता आणि कारगिलच्या उन्हाळ्यात गेला. मी तेव्हा इथे होते, व्हिसाचे कागद बदलायला गेलेले, देश सोडला तर परत येता येईल की नाही हे वकीलही धड सांगेना. शेवटी कशाचीही पर्वा न करता निघाले, पण पोचले तेव्हा साताऱ्यात सगळं आटोपलं होतं, फाटकावरचे हार सुकले होते. पुढे बातम्यांत सांगितलं की नियंत्रण रेषा पूर्ववत झाली. लोकांनी पेढे वाटले. मलाही बरं वाटायला हवं होतं. पण मला एवढंच कळत होतं की रेषा होती तिथे परत आली आणि अभी आला नाही.

त्यानंतर आमच्या घरात अभीचं नाव कुणी काढेना. तसं ठरलं वगैरे नव्हतं. मिलिंद काढायचा नाही, कारण मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. आई फोनवर काढायची नाही, कारण मग दोघींपैकी कुणालाच फोन ठेवता यायचा नाही. सईला तर मामा होता हे कळायलाच कितीतरी वर्षं लागली. आणि अशा घरात तुम्ही चमचा घेऊन आलात! मला वाटलं, या माणसाला कळत कसं नाही? चाळीस वर्षं वर्गात उभं राहून माणसाचा चेहरासुद्धा वाचता येत नाही?

तुम्ही थांबला नाहीत. पुढच्या वर्षी टीव्हीवर इराकची लढाई सुरू होती. किरकूकचं नाव आलं की तुम्ही खुर्चीतून पुढे सरकायचात. "बघ, इथूनच गेली होती शहाची फौज." मंडळानं तुम्हाला भाषणाला बोलावलं, तर तिथेही तुम्ही तीच लढाई काढलीत. शाळेच्या कॅफेटेरियात तीस माणसं, मागे वड्यांचा वास. अर्ध्या तासानं देशपांडेकाकांनी हात वर केला. "सर, सगळं छान आहे, पण यात मराठे कुठे आहेत?" तुम्ही म्हणालात, "नाहीत. म्हणूनच निवांतपणे विचार करता येतो." लोक हसले आणि वड्यांकडे गेले. गाडीत तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "तुला तरी पटलं का?"

नव्हतं पटलं. मग मी भांडायला लागले, आणि खरं सांगू का बाबा, त्या भांडणाची मला सवय लागली. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढून मी घरी यायचे, तुमच्यासमोर चहा ठेवायचे आणि सुरू. तुमचं म्हणणं, ती एकच शहाणी लढाई. दोन्ही राजांना कळलं की यातून काही निघत नाही, दोघांनी आहे ते मान्य केलं. कोणी हरलं नाही म्हणून कोणी सूड धरला नाही. मी म्हणायचे, शहाणपण लढाईच्या आधी का नाही सुचलं? हद्द तिथेच ठेवायची होती तर पोरं कशाला नेली? तुम्ही म्हणायचात, कधी कधी ती हद्द तिथे आहे हे कळायलाच लढाई होते. मी म्हणायचे, हे राजांनी म्हणावं, आयांनी नाही. दोन साम्राज्यं, दोनशे वर्षांपूर्वीची, आणि आपण दोघं त्यांच्यावरून फ्रीमाँटमध्ये चहा गार करत बसायचो. अभीचं नाव मी घेतलं नाही. तुम्हीही नाही.

आणि मग तुमचा तो बाक.

तळ्याकाठच्या पार्कात दुपारी म्हाताऱ्यांचा बाजार भरतो, मुलांनी जगभरातून आणून ठेवलेल्यांचा. त्यात तुम्हाला रहीमसाहेब भेटले, इराणचे, खोय गावचे, आणि यूसुफसाहेब, तुर्कस्तानातले, खास बायझीदकडचे. घरी आलात ते गड जिंकल्यासारखे. "पोरी, चमच्याच्या दोन्ही बाजू मिळाल्या!" मग चेहरा गंभीर केलात. "पण सांभाळावं लागेल. एका बाकावर बसतात दोघं. पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे, कधी काय निघेल सांगता येत नाही. मी मधे बसत जाईन."

आणि बसलात. अख्खा उन्हाळा. रहीमसाहेब एका टोकाला, यूसुफसाहेब दुसऱ्या टोकाला, मधे तुम्ही, मांडीवर छत्री. ते तुमच्या डोक्यावरून मोठमोठ्यानं बोलायचे, हातवारे करायचे आणि तुम्हाला वाटायचं की आता बाचाबाची होते. तुम्ही दोघांना आल्याचा चहा द्यायचात, थर्मासमधला, वातावरण शांत करायला. एकदा पोलिसाची गाडी थांबली होती, ते दिवसच तसे होते. त्यानं विचारलं, "एव्हरीथिंग ओके हिअर, सर?" तुम्ही त्याला एर्झुरूमच्या तहापर्यंत सगळं सांगितलंत. तो बिचारा टोपी काढून ऐकत राहिला.

शेवटी एका रविवारी मी रहीमसाहेबांच्या लेकीला पार्कात भेटले. मी म्हटलं, दोघांचं जमतं ना? ती हसत सुटली. दोघांची बोली एकच होती, बाबा! खोयलाही घरी तुर्कीच बोलतात, थोडी वेगळी, एवढंच. दोघांना इतक्या वर्षांनी गावाकडच्या बोलीत बोलणारं कुणीतरी भेटलं होतं आणि ते मेंढ्या, जर्दाळू आणि बर्फ यांच्या गप्पा मारत होते. त्या लढाईचं दोघांनी नावही ऐकलेलं नव्हतं. "बट युवर फादर-इन-लॉ इज सच अ जंटलमन," ती म्हणाली, "त्यांना मधे बसायला आवडतं म्हणून हे काही बोलत नाहीत."

मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं आणि पोट धरून हसले. तुम्ही थर्मास विसळून पालथा घातलात. मग म्हणालात, "भाषा एक आहे म्हणतेस? मग तर ती हद्द आणखीच दुःखाची." दुसऱ्या दिवशी मधेच जाऊन बसलात, आणि मग दर उन्हाळ्यात. म्हणे, आता सवय झाली.

आता वड्यांचं. सर्वपित्री अमावस्येला तुम्ही इथेच असायचात. पहिल्या वर्षी तुम्ही दाराशी थांबून विचारलंत, "आत येऊ का? उडदाचे वडे करशील?" मी म्हटलं सासूबाईंसाठी, आजे-सासऱ्यांसाठी, करीन की. तुम्ही म्हणालात, तिचं पान यंदा नाही, वर्ष होईपर्यंत ठेवत नाहीत; बाकीच्यांचं कर. ते तर झालंच. वर तुम्ही म्हणालात, "आणखी तीन पानं लागतील. तळ्यावर न्यायची आहेत." कुणासाठी? एक शहाच्या फौजेसाठी, एक सुलतानाच्या. "त्या पटकीत मेलेल्यांचं कुणी आहे का पाणी सोडायला? नाव नाही, गाव नाही. आणि ती पटकी गेली कुठून माहीत आहे? आपल्याकडून. बंगालातून निघाली, जहाजांवर बसून आखातात गेली. आपण काहीतरी लागतो त्यांचे."

मी म्हटलं, "बाबा, मुसलमान सैनिकांना दोनशे वर्षांनी उडदाचे वडे?"

"भूक लागल्यावर कोण विचारतो, वड्यात काय आहे?"

"आणि तिसरं पान?"

"ते राखीव," तुम्ही म्हणालात. "राखीव फौज ठेवावीच लागते."

मी कपाळाला हात लावला आणि तळायला घेतलं. धुरानं अलार्म वाजला, सई कानांवर हात ठेवून पळाली, तुम्ही स्टुलावर उभे राहून टॉवेलनं वारा घालत होतात. "काय तळून राहिली पोरी, एर्झुरूम पेटलं!" दर वर्षी तेच. दर वर्षी तीन कागदी ताटल्या, भात, वडे, खीर, आमसुलाची चटणी. तळ्यावर कावळे येण्याआधी ती जाडी बदकं यायची आणि पाटी ठोकलेली, पक्ष्यांना खायला घालू नका. सई ओरडायची, "आजोबा, यू कान्ट फीड द गीज!" तुम्ही म्हणायचात, "मी कुठे घालतोय? मी नुसतं ठेवतोय." मी गाडीतच बसायचे. मला तो सगळा प्रकार हास्यास्पद वाटायचा आणि तुम्ही पाठमोरे उभे असायचात, रहीमसाहेब-यूसुफसाहेबांच्या मधे, बराच वेळ.

आपलं शेवटचं भांडण तुम्हाला आठवतं ना? गुरुवार होता. आमटी-भात. कुठल्या तरी बातमीवरून तुम्ही पुन्हा "जैसे थे" म्हणालात आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, ज्यांची पोरं गेली त्यांच्या घरी जाऊन सांगाल हे? की बाई, रेषा होती तिथेच आहे, काळजी नको? त्या बाईनं विचारलं की मग माझा कशासाठी गेला, तर काय सांगाल?" माझा आवाज चढला होता. मिलिंद ताटात बघत होता. तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. माझ्याकडे पाहिलंत, तोंड उघडलंत. मग म्हणालात, "थोडा भात वाढ."

मी वाढला. रागानं वाढला, जरा जास्तच. तुम्ही सगळा संपवलात.

रविवारी दुपारी तुम्ही थर्मास घेऊन बाकावर गेलात आणि गेलात.

रहीमसाहेब आणि यूसुफसाहेबांना वाटलं, डुलकी लागली. तुम्ही एकदा याच्या खांद्यावर, एकदा त्याच्या. मग यूसुफसाहेबांनी हात धरून पाहिला. पळायला आलेल्या एका मुलीला थांबवून त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत दोघांनी तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं, सरळ, मान पडू न देता. तुम्ही मधे बसला होतात म्हणून खाली पडला नाहीत, बाबा. इतकी वर्षं ज्यांना तुम्ही आवरत होतात त्यांनीच शेवटी तुम्हाला आवरलं. मी हसायला जाते आणि रडते. गेले दोन आठवडे माझं हेच चाललंय.

तेराव्याला ते दोघं घरी आले. कोट घालून. दोघांच्या हातात एकेक डबा. रहीमसाहेबांच्या डब्यात हलवा, पीठ भाजून केलेला, वर पिस्ते. यूसुफसाहेबांनी डबा उघडला तर त्यातही हलवाच. मेलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे तोच करतात, दोन्हीकडे. दोघांनी एकमेकांचे डबे पाहिले आणि मान हलवली.

आमच्यात भाषा नव्हती. रहीमसाहेबांना मोजकं इंग्रजी येतं, यूसुफसाहेबांना तेवढंही नाही. सोफ्यावर बसताना त्यांनी मधे जागा सोडली, मुद्दाम की सवयीनं, कोण जाणे. मी चहा दिला, आल्याचा. रहीमसाहेबांनी एक घोट घेतला आणि डोळे पुसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "युवर ब्रदर. आय ॲम सॉरी. युवर ब्रदर ऑल्सो."

मला वाटलं, चुकले. सासऱ्यांना भाऊ म्हणतायत. मी म्हटलं, "हजबंड. ही वॉज माय हजबंड'स फादर."

"नो, नो. ब्रदर." त्यांनी स्वतःचा कान पकडला आणि पिळला. जोरात, तोंड वाकडं करून. मग हसले. मग दुसऱ्या हातानं छातीवर पदकं दाखवली आणि बोट वर, डोंगराकडे नेलं.

माझ्या लग्नात अभीनं मिलिंदची कानपिळी केली होती. नवरीच्या भावाचा मान. त्यानं इतक्या जोरात कान पिळला की मिलिंद ओरडला होता, भटजींसकट सगळा मांडव हसला होता आणि फोटोग्राफरनं नेमका तो क्षण टिपला होता. तो फोटो आमच्या अल्बममधून कधीचा गायब होता. मी कुणाला विचारला नाही, कारण विचारायचं म्हणजे नाव घ्यावं लागलं असतं.

हॉस्पिटलनं दिलेल्या पिशवीत तुमचं पाकीट होतं, आम्ही उघडलं नव्हतं. मिलिंद उठून घेऊन आला. फोटो त्यात होता, कडा झिजलेल्या. रोज बाहेर काढला की झिजतातच.

रहीमसाहेब फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "एव्हरी डे ही शो अस. ही से, माय सन. माय स्मॉल सन." मग बोटांनी हवेत ताटल्या मांडल्या. एक, स्वतःच्या छातीवर हात. दुसरी, यूसुफसाहेबांच्या खांद्यावर हात. तिसरी जरा लांब, वेगळी. आणि यूसुफसाहेब, ज्यांना इंग्रजी येत नाही, ज्यांच्या तोंडून मी आजवर सलामाशिवाय काही ऐकलं नव्हतं, ते स्पष्ट म्हणाले, "अभिजित."

आमच्या घरात. दिवसाढवळ्या. सात वर्षांत पहिल्यांदा.

मी दुसऱ्या खोलीत गेले नाही. तिथेच खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले, आणि ते दोघं म्हातारे घाबरून मला हलवा देत राहिले.

रात्रीचं जेवण कुणालाच गेलं नाही. तेव्हा मिलिंद म्हणाला, "बाबांनी ती लढाई शाळेत कधीच शिकवली नव्हती, मनू. अभी गेल्यावर ते वाचायला लागले. आई सांगायची, लायब्ररीत जाऊन बसतात, कसली तरी हद्द शोधतात म्हणे." मला तेव्हा कळलं की तुम्ही माझा चेहरा पहिल्या दिवसापासून वाचला होतात. तुम्हाला माझ्याशी अभीबद्दल बोलायचं होतं आणि मी ते दार लावून घेतलं होतं. तुम्ही दाराशी उभे राहिलात, आत येऊ का म्हणून, आणि वाट बघत दोनशे वर्षांपूर्वीची लढाई सांगत बसलात. त्या लढाईवर मी ओरडू शकत होते. ओरडलेही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकदाही म्हणाला नाहीत की पोरी, हे तू कुणाबद्दल बोलते आहेस ते मला माहीत आहे.

सुनेच्या भावाचं पान सासऱ्यानं वाढावं, असं कुठल्या शास्त्रात आहे? मी ते तळायचे आणि मला माहीत नव्हतं. माझ्या भावाचे वडे मीच तळत होते आणि गाडीत बसून वैतागत होते. तुम्ही मला सांगायला हवं होतं, बाबा. याबद्दल मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे. आणि तुमचे उपकार कुठे ठेवू तेही मला कळत नाही. माझ्या आईच्या मुलाला तुम्ही परक्या देशातल्या बाकावर, दोन अनोळखी माणसांपुढे, माझा मुलगा म्हणालात. तो कशासाठी गेला याचं उत्तर तुमच्याकडे नव्हतं. म्हणूनच गुरुवारी तुम्ही भात मागितलात. आता वाटतं, मी तो नीट, हळू वाढायला हवा होता.

आज सर्वपित्री अमावस्या होती. मी सुट्टी घेतली. अलार्म वाजला, मिलिंद स्टुलावर चढला, "एर्झुरूम" वगैरे काही म्हणाला नाही. तीन पानं घेऊन आम्ही तळ्यावर गेलो. दोघं कोट घालून बाकावर बसले होते, टोकांना. मी मधे जाऊन बसले. त्यांनी काही विचारलं नाही, रहीमसाहेबांनी फक्त सरकून थोडी आणखी जागा केली. मी थर्मास उघडला.

मग एक पान शहाच्या फौजेचं ठेवलं, एक सुलतानाच्या फौजेचं. बदकं लगेच निघाली. सई म्हणाली, "ममा, द साइन सेज नो." मी म्हटलं, "मी कुठे घालतेय? मी नुसतं ठेवतेय."

तुमचं पान ठेवलं नाही. वर्ष होईपर्यंत ठेवत नाहीत, हा नियम तुम्हीच सांगितला होतात सासूबाईंच्या वेळी. तेव्हा तुम्हाला पुढच्या अमावस्येपर्यंत थांबावं लागेल. जिथे असाल तिथे कुणाच्या तरी मधे जागा बघून बसा. तुमचं "जैसे थे" मला अजून मान्य नाही. रेषा कुठेही असो, माझा भाऊ नाही आणि आता तुम्हीही नाही, तर काहीही होतं तिथे नाहीये. या वादाचं पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. समोर तुम्ही लागता.

तिसरं पान मी जरा लांब ठेवलं, तुम्ही ठेवायचात तसं, पाण्याच्या कडेला. सईनं विचारलं, "हे कोणाचं?" राखीव म्हणणार होते, जिभेवर आलं होतं. मग फोटो काढला, तिला दाखवला आणि मोठ्यानं म्हटलं, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं.

"अभिजितचं. तुझ्या मामाचं. ये, हात जोड."

तुमची,
मनीषा